दहा गुणांच्या आत: 'काउंटडाउन'मधली चुरस

ब्रिटनमध्ये 'चॅनल फोर' ही वाहिनी २ नोव्हेंबर १९८२ रोजी दुपारी पावणेपाचला सुरू झाली. तिच्यावर सगळ्यात आधी दिसला तो शब्द आणि आकड्यांचा एक साधासुधा खेळ, 'काउंटडाउन'. तो आजही चालू आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याचे सहा हजार भाग पूर्ण झाले, तेव्हा गिनेस बुकानंही त्याची नोंद घेतली.

या खेळात करोडपती होण्याची सोय नाही. जिंकणाऱ्याला कार्यक्रमाचं चित्र असलेली चहाची किटली मिळते. तरीही लोक वर्षानुवर्षं तयारी करून तिथे जातात आणि शेवटच्या मिनिटाला घाम पुसतात. ही चुरस नशिबानं येत नाही. गुण देण्याची पद्धतच अशी बेतलेली आहे की सामना शेवटपर्यंत लोंबकळत राहावा. ती पद्धत कशी चालते, ते पाहू.

मूळ फ्रान्सचं

खेळाची कल्पना आर्मां जामो या फ्रेंच निर्मात्याची. १९६५ मध्ये त्यानं 'सर्वांत लांब शब्द' अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. १९७२ मध्ये त्याला आकड्यांची जोड मिळाली आणि नाव झालं 'दे शिफ्र ए दे लेत्र', म्हणजे आकडे आणि अक्षरं. फ्रान्समध्ये हा कार्यक्रम पन्नासहून जास्त वर्षं चालला.

इंग्लंडमध्ये तो आणला लीड्सच्या यॉर्कशर टेलिव्हिजननं. आधी आपल्या भागापुरते काही प्रयोग केले, मग नव्या राष्ट्रीय वाहिनीवर नेला. सूत्रसंचालक होते रिचर्ड व्हाइटली. ते यॉर्कशरच्या संध्याकाळच्या बातम्याही सांगत. एकाच दिवशी दोनदा पडद्यावर दिसायचे, म्हणून लोकांनी त्यांना 'ट्वाइस नाइटली' असं चिडवायला सुरुवात केली. २००५ मध्ये निधन होईपर्यंत ती खुर्ची त्यांचीच होती. त्यांच्याबरोबर आकड्यांची बाजू सांभाळायच्या कॅरल व्हॉर्डरमन. केंब्रिजमधून अभियांत्रिकी शिकलेल्या या मुलीसाठी नोकरीची जाहिरात तिच्या आईनं पाहिली होती. २००९ पासून ते काम ऑक्सफर्डमध्ये गणित शिकलेल्या रेचल रायली करतात. शब्दकोशाच्या कोपऱ्यात १९९२ पासून सूझी डेंट बसतात. सूत्रसंचालक मात्र व्हाइटलींनंतर बरेच बदलले.

एका सामन्याची रचना

समोरासमोर दोन स्पर्धक. एक आधीच्या भागाचा विजेता, दुसरा नवा आव्हानवीर. एकूण १५ फेऱ्या: १० अक्षरांच्या, ४ आकड्यांच्या आणि शेवटी एक कोडं. प्रत्येक फेरीला ३० सेकंद. मागे एक मोठं घड्याळ, त्याचा काटा बारापासून सहापर्यंत अर्धी चक्कर मारतो आणि त्याबरोबर ॲलन हॉकशॉ यांनी बांधलेली धून वाजते. ब्रिटनमध्ये ही धून कुणाला ओळखू येत नाही असं क्वचितच होत असेल. कुणी उत्तर द्यायला वेळ लावला की लोक तोंडानं तीच वाजवून दाखवतात.

अक्षरांची फेरी

पाट्यांच्या दोन गड्ड्या उलट्या ठेवलेल्या असतात, एक स्वरांची आणि एक व्यंजनांची. निवडीची पाळी ज्याची असेल तो 'व्यंजन द्या', 'स्वर द्या' असं सांगत नऊ पाट्या मागवतो. किमान तीन स्वर आणि चार व्यंजनं घ्यावीच लागतात. काटा थांबला की दोघांनी आपापल्या शब्दाची लांबी सांगायची. अक्षरं जितकी, तितके गुण. नऊच्या नऊ अक्षरं वापरली तर गुण दुप्पट, म्हणजे १८.

इथे दोन नियम नीट ध्यानात ठेवायला हवेत, कारण पुढचं सगळं नाट्य त्यांच्यावर उभं आहे. पहिला, ज्याचा शब्द लांब त्यालाच गुण, दुसऱ्याला शून्य. सात विरुद्ध आठ असेल तर सातवाल्याला सात मिळत नाहीत, काहीच मिळत नाही. दुसरा, लांबी सारखी असेल तर दोघांनाही पूर्ण गुण.

म्हणजे दोन तरबेज माणसं समोरासमोर आली की बहुतेक फेऱ्यांत दोघांचेही गुण सारखेच वाढतात. तीस-तीस, अडतीस-अडतीस, त्रेपन्न-त्रेपन्न. पाहणाऱ्याला वाटतं, काही घडतच नाही. प्रत्यक्षात दोघंही एकमेकांच्या चुकीची वाट पाहत असतात. २०१३ मध्ये कार्यक्रमाच्या तिशीनिमित्त जुन्या नामवंत स्पर्धकांपैकी ४१ जणांची खास स्पर्धा झाली, अंतिम सामन्यात कॉनर ट्रॅव्हर्सनं जॅक हर्स्टला हरवलं. ट्रॅव्हर्स २००६ मध्ये चौदाव्या वर्षी मालिका जिंकणारा मुलगा. अशा दर्जाच्या लोकांत 'कुणाला शब्द सापडला' याला फारसा अर्थ नसतो, सापडतो तो दोघांनाही. फरक पडतो तो मनात आलेला शब्द तोंडावाटे काढायचा की गिळायचा, या निर्णयानं.

सांगू की नको?

एक उदाहरण घेऊ. ते माझं, कुठल्याही भागातलं नाही. समजा पाट्या आल्या: एस, टी, ए, आर, आय, एन, जी, ई, ओ. सात अक्षरी 'स्टोरिंग' (एस-टी-ओ-आर-आय-एन-जी) सहज दिसतो. जरा सराव असलेल्याला आठ अक्षरी 'रोस्टिंग' (आर-ओ-ए-एस-टी-आय-एन-जी) दिसेल किंवा 'अँग्रिएस्ट' (ए-एन-जी-आर-आय-ई-एस-टी). आणि ज्याला हा खेळ रोज झोपेतही दिसतो, त्याला नऊच्या नऊ पाट्या वापरून 'ऑरेंजिएस्ट' (ओ-आर-ए-एन-जी-आय-ई-एस-टी) दिसेल, म्हणजे सगळ्यांत नारिंगी.

आता पंचाईत. असा शब्द मान्य होईल का? विशेषनामं, जोडरेघेनं जोडलेले शब्द आणि संक्षेप चालत नाहीत, हे सोपं. पण लांब विशेषणांची 'अधिक' आणि 'सर्वाधिक' अर्थाची रूपं कोशात स्पष्ट दिलेली असतील तरच चालतात. तीस सेकंदांत कोशाचं ते पान डोळ्यांसमोर आणता येणं, ही वेगळीच विद्या आहे. मुरलेले स्पर्धक त्यासाठी कोशाच्या नोंदी घोकतात. इंग्रजी उत्तम येणं आणि हा खेळ उत्तम येणं यांत बरंच अंतर पडतं ते इथे.

ज्याने पाट्या मागवल्या तो लांबी आधी सांगतो. म्हणजे दुसऱ्याला त्याचा आकडा ऐकून मग ठरवायची सवड मिळते. समजा पहिला म्हणाला 'आठ'. दुसऱ्याकडे खात्रीचा आठ अक्षरी आहे आणि शंकास्पद नऊ अक्षरीही आहे. आठ सांगितले तर दोघांनाही आठ, अंतर जसंच्या तसं. नऊ सांगून शब्द टिकला तर याला १८ आणि समोरच्याला शून्य. नाही टिकला तर याला शून्य आणि समोरच्याला आठ. एका बाजूला अठरा, दुसऱ्या बाजूला आठ. सव्वीसात आठ म्हणजे सुमारे ३१ टक्के. शब्द कोशात असण्याची शक्यता एवढी जरी वाटत असेल, तरी हिशेबानं धोका पत्करणं परवडतं.

हेच सात आणि आठच्या बाबतीत करून पाहा. टिकला तर आठचा फायदा, नाही टिकला तर सातचा तोटा. पंधरात सात, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के. इथे जवळपास अर्धी खात्री नसेल तर गप्प बसलेलं बरं. नऊ अक्षरांचे गुण दुप्पट ठेवण्यामागे फक्त कौतुक नाही, स्पर्धकाला कडेलोटाच्या टोकापर्यंत नेण्याची ती युक्ती आहे.

पण ही टक्केवारी फक्त दोघं बरोबरीत असताना आणि बऱ्याच फेऱ्या उरलेल्या असताना कामाची. शेवटाकडे हिशेब बदलतो, ते पुढे येईलच.

एक बारीक नियम मला फार आवडतो. शब्द मनात होता पण कागदावर उतरवायचा राहिला, तर तसं कबूल करावं लागतं. 'लिहिलेला नाही' असं म्हणणाऱ्याला आपला शब्द आधी सांगायला लावतात, म्हणजे समोरच्याचा ऐकून पळवण्याची सोय राहत नाही. दोघांचा शब्द एकच निघाला तर कागद एकमेकांना दाखवायचे. पंच नाही, पुनर्तपासणी नाही, दोन कागद आणि दोन माणसं. स्पर्धा कितीही अटीतटीची असो, ही रीत मोडत नाहीत.

आकड्यांची फेरी

इथे एकूण २४ पाट्या. १ ते १० हे आकडे प्रत्येकी दोनदा, या झाल्या वीस लहान. शिवाय चार मोठ्या: २५, ५०, ७५ आणि १००. त्यांतल्या सहा निवडायच्या. किती मोठ्या आणि किती लहान, ते स्पर्धक सांगतो, कुठल्या ते नशीब ठरवतं. मग यंत्र एक तीन अंकी संख्या दाखवतं. या यंत्राचं नाव 'सेसिल', म्हणजे लीड्समधलं काउंटडाउनचं गणकयंत्र, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून त्या संख्येपर्यंत पोचायचं. प्रत्येक पाटी फार तर एकदा वापरायची, आणि मधल्या कुठल्याही पायरीला अपूर्णांक येऊ द्यायचा नाही.

अचूक उत्तराला १० गुण. पाचाच्या आत चूक असेल तर ७, दहाच्या आत असेल तर ५. पण पुन्हा तोच कडवा नियम: जो जास्त जवळ त्यालाच गुण. तुम्ही एकानं चुकलात आणि समोरच्यानं अचूक गाठलं, तर तुमच्या त्या सातांचं काहीही होत नाही.

निवडीतच डावपेच असतो. एक मोठी आणि पाच लहान मागितल्या तर उत्तर सहसा निघतं, दोघांनाही दहा-दहा मिळतात आणि अंतर तसंच राहतं. आघाडीवर असलेल्याला हेच हवं असतं. मागे पडलेला मात्र चारही मोठ्या मागतो. त्यांत गणित अडखळतं, समोरच्याचं चुकण्याची शक्यता वाढते, आणि दहा गुणांची उलथापालथ होऊ शकते. अर्थात आपलंही चुकू शकतं. बुडत्याला ते चालतं.

९५२ कसे झाले

१९९७ च्या एका भागातली फेरी आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. पाट्या आल्या २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायचे होते ९५२.

आधी साधा रस्ता पाहू. ६ आणि ३ मिळून ९, शंभरानं गुणले की ९००, त्यात ५० मिळवले, ९५०. उरले ७५ आणि २५. भागाकार केला तर ३. झाले ९५३. सहाच्या सहा पाट्या संपल्या आणि एक जास्त. एरवी सात गुणांची चांगली कमाई.

त्या दिवशी एका स्पर्धकानं सांगितलं, ९५२ अचूक. आणि तो पायऱ्या सांगू लागला. १०० आणि ६ मिळून १०६. तिपटीनं ३१८. ते ७५ नं गुणायचे. व्हॉर्डरमन फळ्यापाशी मार्कर घेऊन थबकल्या, कारण उत्तर नऊशेच्या घरात असताना हा गृहस्थ हजारांच्या घरात निघाला होता. २३,८५०. त्यातून ५० वजा, २३,८००. आणि आता २५ नं भागा: ९५२. सहाही पाट्या वापरून झाल्या होत्या. व्हाइटली आणि व्हॉर्डरमन दोघांनाही हसू आवरेना.

जादू वाटते, पण आत काय आहे ते उलगडून पाहा. ७५ नं गुणून २५ नं भागणं म्हणजे तिप्पट करणं. ३१८ ची तिप्पट ९५४. आणि ५० भागिले २५ म्हणजे २. नऊशे चोपन्नातून दोन गेले, ९५२. अडचण एवढीच होती की २५ ची पाटी एकच, आणि भागायचं होतं दोन ठिकाणी. म्हणून त्यानं दोन्ही भाग एकत्र करून शेवटी एकदाच भागलं. शाळेत कंसाबाहेर सामाईक अवयव काढायला शिकवतात, तीच ही युक्ती, फक्त तीस सेकंदांत आणि कॅमेऱ्यापुढे.

दुसरीही वाट होती. १०० आणि ३ मिळून १०३, सहापट ६१८, गुणिले ७५ म्हणजे ४६,३५०, भागिले ५० म्हणजे ९२७, अधिक २५, झाले ९५२. चार मोठ्या पाट्या मागणारे लोक अशा वाटा पाठ करून ठेवतात.

पावकी-पाऊणकी

इथे मला आपल्या जुन्या शाळांची आठवण येणं साहजिक आहे. पूर्वी मराठी शाळेत पाढे तीसपर्यंत तर म्हणवून घेतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आता सांगावं लागतं. बाजारहाटासाठी आणि रुपये-आणे-पैच्या हिशेबासाठी तयार झालेलं हे पाठांतर दशमान पद्धत आल्यावर मागे पडलं.

पण 'काउंटडाउन'च्या मोठ्या पाट्या पाहा. २५, ५०, ७५, १००. शंभराचा पाव, निम्मा, पाऊण आणि पूर्ण. ज्याची पाऊणकी पाठ आहे त्याला ७५ चा पाढा वेगळा शिकावाच लागत नाही. सात पाऊण सव्वापाच, म्हणजे ५२५. अकरा पाऊण सव्वाआठ, ८२५. तेरा पाऊण पावणेदहा, ९७५. इंग्लंडमधले स्पर्धक हीच संख्यामाला मुद्दाम बसून घोकतात. वरच्या उदाहरणातले ३१८ गुणिले ७५ सुद्धा असेच: ३१८ ची पाऊणपट २३८॥ (म्हणजे दोनशे साडेअडतीस), त्यावर शंभरपट केली की २३,८५०. चौथीतल्या एखाद्या गुरुजींनी हा गुणाकार विचारला असता तर मागच्या बाकावरूनही उत्तर आलं असतं, निदान त्या काळी.

याचा अर्थ आपले आजोबा तिथे जिंकले असते असा नाही. पाढा पाठ असणं आणि कुठल्या वेळी कुठला पाढा काढायचा हे सुचणं वेगळं. पण वेळ वाचतो, आणि तीस सेकंदांत वेळ हेच भांडवल.

शेवटचं कोडं

चौदा फेऱ्या झाल्या. आता नऊ अक्षरांची एक सरमिसळ दाखवतात, तिच्यातून नऊ अक्षरी शब्द ओळखायचा. इथे पाळीपाळीनं सांगणं नाही, आधी घंटी दाबेल तो बोलेल. बरोबर आलं तर १० गुण. चुकलं तर त्याची संधी संपली, आणि उरलेला सगळा वेळ समोरच्याचा.

सरमिसळ करतानाही गंमत करतात, दोन शब्द जोडून काहीतरी विचित्र वाचता येईल असं पाहतात. माझ्याकडून एक घ्या: 'घोस्टमाइन', जी-एच-ओ-एस-टी-एम-आय-एन-ई. भुताची खाण. उत्तर अगदी रोजच्या वापरातलं आहे: 'समथिंग'. कोडं घालणाऱ्याला एक पथ्य पाळावं लागतं, उत्तर एकच निघायला हवं. 'ऑर्केस्ट्रा' आणि 'कार्टहॉर्स' या दोन शब्दांची इंग्रजी अक्षरं तंतोतंत तीच आहेत, 'एज्युकेशन' आणि 'कॉशन्ड' यांचीही. असे शब्द कोड्याला निरुपयोगी.

फरक दहा किंवा त्याहून कमी असेल तर हे कोडं निर्णायक ठरतं, आणि सूत्रसंचालक तसं मुद्दाम जाहीर करतात. स्टुडिओतली कुजबुज थांबते.

एक आणि नऊ सारखेच

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे. कोड्याच्या आधी तुमची आघाडी एका गुणाची असो की नऊ गुणांची, किंमत एकच. समोरच्यानं कोडं सोडवलं तर दोन्ही वेळा तुम्ही हरता. तुम्ही सोडवलं तर दोन्ही वेळा जिंकता. कुणीच सोडवलं नाही तरी जिंकता. क्रिकेटमध्ये विजय धावांचा असो की गड्यांचा, जास्त म्हणजे जास्त. इथे एकपासून नऊपर्यंतचे सगळे गुण जणू एकाच पायरीवर बसलेले असतात.

दहावर पोचलात की पहिला फरक पडतो. समोरच्यानं कोडं सोडवलं तर हार नाही, बरोबरी. अकरावर पोचलात की कोड्याचा संबंधच संपला.

म्हणून शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत अनुभवी स्पर्धक आपली आघाडी अकरापासून किती दूर आहे तेवढंच पाहतो. चार गुणांनी पुढे असलेल्यानं जिवाचा आटापिटा करून ती आठ केली, तर हातात काही पडत नाही. तीच आघाडी चारवरून बारावर नेली तर सामना जवळजवळ खिशात. उलट बाजूनंही तसंच. बारा गुणांनी मागे असलेल्याला काहीही करून निदान दोन गुण ओढायला हवेत, नाहीतर कोडं त्याच्यासाठी नुसती करमणूक. अशा वेळी त्याच्याकडे शंकास्पद नऊ अक्षरी शब्द असेल तर ३१ टक्क्यांचा हिशेब गुंडाळून ठेवायचा. दहा टक्के शक्यता असली तरी सांगून टाकायचा, कारण सुरक्षित आठ सांगून तो बहुधा सुरक्षितपणे हरणार आहे.

कोड्याच्या आधीची फेरी आकड्यांची असते. तिथे दहा गुणांची उलथापालथ शक्य असते, म्हणून बारा-चौदा गुणांची आघाडीसुद्धा तिथपर्यंत पक्की नसते. हातातोंडाशी आलेला घास जातो तो बहुधा इथेच: समोरच्यानं अचूक गाठलं, आपण एकानं चुकलो, आणि चौदाचे चार झाले.

घंटीचं मानसशास्त्रही एकतर्फी आहे. मागे असलेल्याला अर्धवट सुचलेलं उत्तर ठोकून द्यायला काही अडचण नाही, गप्प बसूनही हरायचंच आहे. पुढे असलेल्यानं मात्र अर्धवट उत्तरावर घंटी दाबणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तो चुकला की समोरच्याला घाई उरत नाही, निवांत बसून उरलेले वीस-पंचवीस सेकंद विचार करता येतो. म्हणजे आघाडीवाल्याला शहाणपण शांत बसण्यात आहे. पण समोरच्याचा हात घंटीवर दिसत असताना शांत बसणं जमायला छाती लागते. मागून पुढे जाणाऱ्यांच्या कथा सांगितल्या जातात, तोंडात आलेला शब्द आवरून जिंकलेल्यांच्या कुणी सांगत नाही.

बरोबरी झाली तर

आणखी एक कोडं. तरीही बरोबरी तर आणखी एक. निकाल लागेपर्यंत. इथे शब्दज्ञान आणि गणित दोन्ही बाजूला पडतात, उरतो फक्त वेग. दोन तुल्यबळ माणसांनी अर्धा-पाऊण तास एकमेकांना जराही पुढे जाऊ दिलेलं नसतं, आणि निकाल लागतो सेकंदभरात. न्याय्य आहे का? मला नाही वाटत. पण टेनिसच्या टायब्रेकरबद्दलही लोक हेच म्हणतात आणि उठून जात नाहीत.

आठ विजय

जिंकणारा पुढच्या भागात परत येतो, नव्या आव्हानवीराशी खेळतो. सलग आठ जिंकले की त्याला अपराजित म्हणून निवृत्त करतात. अशांना 'ऑक्टोचॅम्प' म्हणतात. मालिकेच्या शेवटी सगळ्यांत चांगली कामगिरी करणारे आठ जण बाद फेरीत खेळतात. मालिका जिंकणाऱ्याला बरीच वर्षं ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे वीसच्या वीस खंड मिळत. नऊ अक्षरी शब्दांसाठी जीव टाकणाऱ्याला याहून योग्य बक्षीस सुचणं अवघड आहे. ठेवायचे कुठे, हा प्रश्न ज्याचा त्याचा.

प्रेक्षकाला दिसत नाही अशी एक गोष्ट म्हणजे थकवा. एका दिवसात पाच भाग चित्रित होतात. म्हणजे सलग जिंकणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकामागून एक ताज्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतो. आपल्याला वाटतं, सोमवारचा विजेता शुक्रवारी जरा मंद का दिसतोय. त्याचा सोमवार आणि शुक्रवार एकाच तारखेला येतात. पाचव्या सामन्यात सात अक्षरांवर थांबणारा माणूस पहिल्या सामन्यात आठ शोधत होता, तेव्हा अनपेक्षित निकालामागे कधी कधी केवळ दुपारचं जेवण असतं.

मराठीत आणायचं तर

आकड्यांची फेरी उद्या सकाळी सुरू करता येईल. तिला भाषा लागत नाही.

अक्षरांचं मात्र अवघड आहे. इंग्रजीत एक पाटी, एक अक्षर, आणि पाटी कुठेही बसते. मराठीत 'पुस्तक' तीन अक्षरांचं म्हणायचं की प, उकार, अर्धा स, त आणि क अशा पाच तुकड्यांचं? आपली वर्तमानपत्रातली शब्दकोडी पहिला मार्ग घेतात, एका चौकटीत काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर. त्याच पद्धतीनं पाट्या करायच्या तर प्रत्येक व्यंजनाची बाराखडी हवी. चारशेच्या वर पाट्या झाल्या, जोडाक्षरं वेगळीच. त्यांतून आंधळेपणानं नऊ उचलल्या तर 'ढे', 'घौ', 'ञि' असलं काहीतरी हाती येईल आणि तीन अक्षरी शब्द जुळला तरी टाळ्या पडतील.

उलट, नुसती व्यंजनं द्यायची आणि काना-मात्रा-वेलांटी मनाप्रमाणे लावू द्यायची, असं केलं तर खेळ फार सैल होतो. क, म, ल एवढ्या तीन पाट्यांतून कमल, कमाल, मुकुल, कोमल, कलम, मलूक निघतात. मधला मार्ग म्हणजे व्यंजनांच्या पाट्या वेगळ्या आणि स्वरचिन्हांच्या वेगळ्या, हवं तेव्हा 'मात्रा द्या' म्हणून मागायच्या. मला हाच बरा वाटतो. मग ऱ्हस्व-दीर्घाचे वाद होतील, आणि शब्द मान्य की अमान्य हे ठरवायला कुठला कोश प्रमाण मानायचा यावरून तर स्पर्धेआधीच दोन तट पडतील. तोवर एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आकड्यांच्या चार फेऱ्या खेळून पाहायला हरकत नाही. चोवीस पाट्या, तीस सेकंदांचं घड्याळ आणि पाऊणकी येणारे एक गुरुजी एवढंच लागेल.